थायमस काढण्याआधी आणि काढल्यानंतर : एका शिक्षिकेचं प्रकरण

थायमस ही छातीतली ग्रंथी काढायचं ऑपरेशन पावणेतीन तासांत उरकलं आणि त्यात कुणाचं काही चुकलं नाही. जे चुकलं ते थिएटरच्या बाहेर : आधीच्या पंधरा महिन्यांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत. त्यातल्या निदान दोन चुका माझ्या पदरच्या. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. रुग्णाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहितो आहे. शाळेत मुलं तिला बाई म्हणतात, म्हणून इथेही बाईच.

पार्श्वभूमी

बाई २९ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग त्यांच्याकडे. नवरा दूध संकलन केंद्रावर, घरी सासूबाई आणि तीन वर्षांचा मुलगा. ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्याची पापणी जड वाटायला लागली. संध्याकाळी एसटीची पाटी दोन-दोन दिसायची. चष्मा बदलून झाला, फरक पडला नाही. सकाळी डोळा टकटकीत असायचा आणि तपासणीला माणूस जातो तो सकाळीच, त्यामुळे कुणाला काही सापडत नव्हतं.

गणपतीत मोदक वळताना हात भरून यायला लागले. दिवाळीपर्यंत वेणी घालायला हात डोक्यावर टिकेनात. दोरीवर कपडे वाळत घालायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. वर्गात श्रुतलेखन घालताना पहिली पाच वाक्यं ठणठणीत, सहाव्यापासून आवाज नाकात जायचा आणि मुलं ‘बाई, परत सांगा’ म्हणायची. रात्री भाकरी चावताना जबडा थकायचा. त्या हनुवटीखाली तळहात धरून जेवायच्या. ही सवय घरात सगळ्यांनी पाहिली होती. आजाराचं लक्षण म्हणून कुणाच्या मनात आली नाही.

नोव्हेंबरात त्या माझ्याकडे आल्या. ‘थकवा येतो’ म्हणाल्या. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. थकवा हा शब्द ऐकला की आमच्या ओपीडीत डोकं आपोआप रक्ताकडे वळतं. कशानं थकता, कोणत्या वेळी थकता, थोडं बसल्यावर भरून येतं का, हे तीन प्रश्न विचारले असते तर तिथेच उजेड पडला असता. विचारले नाहीत.

जानेवारीतली रात्र

जानेवारीत घसा धरला, ताप आला. मी ॲझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवसांसाठी दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला नवरा त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून, मागे सासूबाईंना धरायला घेऊन दवाखान्यात आला. चहा नाकातून बाहेर आला होता. मान पुढे लवंडत होती आणि सासूबाई मागून कपाळ धरून उभ्या होत्या. दोन्ही पापण्या अर्ध्यावर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लशींच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला बर्फ हातमोज्याच्या बोटात भरला, गाठ मारली आणि मिटलेल्या डाव्या डोळ्यावर दोन मिनिटं धरून ठेवला. काढल्यावर डाव्या डोळ्याचं बुबुळ पूर्ण दिसत होतं, उजवा तसाच मिटायला आलेला. ‘अगं बाई, डोळा उघडला की!’ सासूबाई म्हणाल्या. मिनिटाभरात पापणी पुन्हा खाली आली. थंडाव्यात नस आणि स्नायू यांच्या जोडावरचं काम थोडा वेळ सुधारतं, म्हणून ही चाचणी. अगदी साधी आहे, फुकट आहे, आणि मी ती दोन महिने उशिरा केली.

हा मायस्थेनिया ग्रॅव्हिस. स्नायूला हुकूम पोचवायला नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं आणि ते स्नायूवरच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं. या आजारात शरीराच्याच प्रतिपिंडांनी ते ग्राहक अडवलेले आणि कमी केलेले असतात. पहिले काही हुकूम पोचतात, मग पोचेनासे होतात. ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं, जेंटामायसिनच्या घराण्यातली इंजेक्शनं, मॅग्नेशियम आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या हा जोड आणखी कमकुवत करतात. माझ्या प्रिस्क्रिप्शननं आजार निर्माण केला नाही, पण धक्का दिला असणार.

त्या रात्री मी त्यांना एका श्वासात आकडे मोजायला लावले. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. बाई चौदाला थांबल्या. गिळता येत नाही आणि श्वास चौदावर, अशा माणसाला सकाळपर्यंत तालुक्यात ठेवायचं नसतं. ॲम्ब्युलन्स बोलावली आणि रात्रीच पुण्याला पाठवलं. या प्रकरणातला माझा बरोबर ठरलेला पहिला निर्णय तो.

पुण्यात सहा दिवस आयसीयू. व्हेंटिलेटर लागला नाही. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड) पाच दिवस दिलं : वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे ५२ किलोच्या बाईंना शंभर ग्रॅमच्या वर. पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्या मोजल्या तर बिलाचा अंदाज येतो. नवऱ्यानं दोन म्हशी विकल्या. नस ठरावीक अंतराने चाळवून घेतलेल्या चाचणीत स्नायूचा प्रतिसाद उतरत गेला, रक्तात ॲसिटिलकोलिन ग्राहकाविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. छातीच्या सीटीत उरोस्थीमागे, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात वयाच्या मानाने भरलेली थायमस ग्रंथी दिसली. ट्यूमर नव्हता.

पर्याय

ट्यूमर असता तर चर्चा दोन मिनिटांची होती. मायस्थेनियाच्या दर शंभर रुग्णांत दहा-पंधरा जणांना थायमोमा, म्हणजे थायमसचा ट्यूमर, असतो आणि तो काढावाच लागतो, मायस्थेनिया सौम्य असो की तीव्र. बाईंच्या बाबतीत तसं बंधन नव्हतं. ग्रंथी काढायची ती आजार आटोक्यात यावा म्हणून.

घरच्यांच्या मनात गोंधळ होता. ‘थायरॉइडचं ऑपरेशन ना? आमच्या जाऊबाईंचं झालंय’, असं सासूबाई फोनवर चार जणींना सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मी बाईंना नेहमीचं उदाहरण दिलं : थायमस म्हणजे टी पेशींची शाळा, लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि तिथे चरबी भरते. तुमच्या आजारात या शाळेत चुकीचे धडे दिले जाताहेत. त्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे पट कमी झालाय म्हणून शाळा बंद करायची? डॉक्टर, आमच्याकडे हेच चाललंय. उरलेली पोरं कुठं जातात ते कुणी बघत नाही.’

प्रश्न चोख होता आणि उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. २०२३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांचं पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के आणि तुलनेच्या गटात २.८ टक्के आढळलं. कर्करोगाचं प्रमाणही जवळपास दुप्पट. तुलनेच्या गटातल्यांची छातीचीच, पण थायमसला हात न लावता केलेली ऑपरेशनं झालेली होती. म्हणजे मोठेपणी थायमस निव्वळ अडगळ असते हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आता तसंच्या तसं म्हणता येत नाही. विनाकारण काढू नये, इतका अर्थ मी त्यातून घेतो.

बाईंच्या बाबतीत कारण होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत थायमोमा नसलेल्या, हेच प्रतिपिंड असलेल्या १२६ रुग्णांचे दोन गट केले होते : एकाला ऑपरेशन आणि प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टिरॉइड, दुसऱ्याला नुसतं स्टिरॉइड. तीन वर्षांत ऑपरेशनवाल्या गटाचा अशक्तपणा कमी राहिला, दिवसाआडचा स्टिरॉइडचा डोस सरासरी ६० मिलिग्रॅमऐवजी ४४ वर राहिला, आणि आजार बळावून ॲडमिट व्हावं लागलेल्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांऐवजी ९ टक्के होतं. त्याआधी ऐंशी वर्षं हे ऑपरेशन अनुभवाच्या बळावर चाललं होतं. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३६ साली नॅशव्हिलमध्ये एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली, तिचा मायस्थेनिया सुधारला, तिथून प्रघात पडला. हेच ब्लॅलॉक पुढे ‘निळ्या बाळां’च्या हृदयशस्त्रक्रियेमुळे जगाला माहीत झाले.

तर समोर तीन वाटा होत्या. एक, ऑपरेशन नको. पायरिडोस्टिग्मिन (ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकवणारी गोळी), स्टिरॉइड आणि ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) यांवर वर्षानुवर्षं राहायचं. दुसरी, मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन. तिसरी, आधी आजार स्थिर करायचा आणि मग ऑपरेशन, महिना कुठलाही असो. पहिली वाट बाईंनीच बाद केली. त्यांना दुसरं मूल हवं होतं, आणि औषधं जितकी कमी तितकं ते सोपं. खरा वाद दुसरी आणि तिसरी यांत.

मे की नोव्हेंबर

घरच्यांना मे हवा होता. रजा वाया जात नाही, जूनमध्ये शाळेवर हजर होता येतं, खर्चाच्या प्रतिपूर्तीची कागदपत्रंही सुट्टीत मार्गी लागतात. दुसऱ्या एका सर्जननं मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख देऊनही टाकली. एप्रिलअखेर बाईंची स्थिती अशी : पायरिडोस्टिग्मिनच्या ६० मिलिग्रॅमच्या रोज पाच गोळ्या, स्टिरॉइड हळूहळू वाढवत चाळीसवर, तरी रात्री पाणी पिताना ठसका, एका श्वासात एकवीस.

हे एकवीस कुठून कळलं ते सांगायला हवं. मी नवऱ्याला रोज रात्री जेवणाआधी मोजायला सांगितलं होतं आणि तो माणूस इमानानं मोजत होता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेननं रोजचा आकडा. फेब्रुवारीत १८, २०, १७. मार्चअखेर २४, पुन्हा १९. ते पान त्यानं मोबाइलवर पाठवलं आणि न्यूरॉलॉजिस्टनी ते पाहूनच मेची तारीख नाकारली. गिळणं आणि श्वास डळमळीत असताना थायमस काढली तर ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवरून उतरवणं जड जातं. आणि या ऑपरेशनचा फायदा महिन्या-वर्षांनी दिसतो, त्यामुळे घाईने केल्यानं त्या आठवड्याचा त्रास कमी होत नाही. थायमेक्टॉमी, म्हणजे थायमस काढणं, ही तातडीची शस्त्रक्रिया नसते.

मी थांबण्याच्या बाजूने बोललो. नवरा दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. दीर म्हणाला, ‘अमिताभ बच्चनलाही हाच आजार झाला होता, तो काय थांबला?’ अमिताभना हा आजार झाला होता हे खरं. त्याचा मे महिन्याशी काय संबंध हे मला अजून उमगलेलं नाही.

मे टाळला ते बरोबर होतं. त्यापुढचं मात्र मला खटकतं. जुलैअखेर दिनदर्शिकेवर सलग ३४, ३६, ३५ येत होते. पाणी बिनठसक्याचं जात होतं. ऑगस्टमध्ये ऑपरेशन करता आलं असतं. पण आता घरच्यांनी दिवाळीची सुट्टी धरली आणि कुणीच, मीही, हट्ट धरला नाही. मेमध्ये आजारामुळे थांबलो. ऑगस्ट ते नोव्हेंबर रजेच्या हिशेबात गेले. तेवढे महिने चाळीस मिलिग्रॅम स्टिरॉइड जास्त पोटात गेलं. चेहरा गोल झाला, साखर काठावर आली.

ऑपरेशन

छाती मधोमध उघडून करायचं की दुर्बिणीने, हाही एक प्रश्न होता. २०१६ च्या चाचणीतली ऑपरेशनं उरोस्थी चिरून केलेली होती, त्यामुळे नेटका पुरावा त्या पद्धतीचा. दुर्बिणीने वेदना कमी, घरी लवकर, आणि स्टिरॉइडवरच्या बाईचं हाड चिरायचं टळतं. सर्जनची अट एकच होती : ग्रंथीबरोबर आजूबाजूची सगळी चरबी निघाली पाहिजे, कारण थायमसचे कण त्या चरबीत विखुरलेले असतात, दुर्बिणीने ते जमेना तर छाती उघडणार. सही त्या अटीसकट घेतली.

आधीच्या दहा दिवसांत, रक्तातले प्रतिपिंड काढून टाकायला, प्लाझ्मा बदलण्याच्या पाच खेपा झाल्या, दिवसाआड. इम्युनोग्लोब्युलिनही चाललं असतं. खर्चामुळे प्लाझ्मा निवडला.

सर्जन माझे कॉलेजातले सीनियर, त्यांनी मला आत उभं राहू दिलं. भूलतज्ज्ञांनी स्नायू शिथिल करणारं रोक्युरोनियम नेहमीपेक्षा फार कमी दिलं आणि मनगटाजवळची नस चाळवून अंगठा किती हलतो ते मॉनिटरवर बघत राहिल्या. एका बाजूचं फुप्फुस मिटवलं, तीन छिद्रं पाडली. पडद्यावर हृदयाच्या आवरणावर पसरलेली पिवळट ग्रंथी, आणि दोन्ही कडांना फ्रेनिक नसा, पांढऱ्या सुतळीसारख्या. ही नस दुखावली तर श्वासपटल लुळं पडतं. मायस्थेनियाच्या माणसाला ते परवडणारं नसतं. वरच्या बाजूला ग्रंथीची दोन शिंगं मानेत शिरलेली. ती हलके ओढत खाली आणताना सर्जनचं बोलणं थांबलं. तिथेच मोठी नीला आडवी जाते आणि ग्रंथीच्या छोट्या शिरा तिला मिळतात. एकेक शिरेला क्लिप लावली. शेवटी पिशवीत घालून सगळं एका छिद्रातून बाहेर आलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पसरलं : तळहाताएवढं, कोंबडीच्या चरबीच्या रंगाचं, मधूनच गुलाबी. एवढ्याशा गोष्टीसाठी पंधरा महिने.

शिथिलतेवरचा उतारा म्हणून सुगमाडेक्स दिलं. नळी टेबलावरच निघाली. दोन रात्री आयसीयू, पाचव्या दिवशी घर. पॅथॉलॉजीत लसिकापुटकांची (प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांची) वाढ निघाली, थायमोमा नाही. तरुण वयाच्या, हे प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत बहुधा हेच निघतं.

‘सीटी ऑल’

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत औषधांखाली लिहिलं होतं ‘सीटी ऑल’. वॉर्डातल्या आमच्या भाषेत याचा अर्थ सगळी औषधं आहेत तशी चालू. घरात त्याचा अर्थ लागला पुन्हा सीटी स्कॅन करायचा. औषधांबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मी टाके बघितले, खोकल्याची चौकशी केली, अभिनंदन केलं. गोळ्यांबद्दल बोललो नाही, कारण मला वाटलं ते पुण्यात सांगितलेलं असणार.

फेब्रुवारीत हळदीकुंकवाला एक नातेवाईक म्हणाली, ‘ग्रंथी काढून टाकली ना, मग आता गोळ्या कशाला? तोंड बघ कसं सुजलंय.’ बाईंनी दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड बंद केलं. मला नंतर म्हणाल्या, ‘मला खरंच वाटलं, राहिल्यात त्या नुसत्या ताकदीच्या गोळ्या.’ सातव्या दिवशी उलट्या, रक्तदाब ८०, मान पुन्हा पुढे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड निजलेलं असतं. एकाएकी बंद केलं की दुहेरी मार बसतो, आजार उसळतो आणि हे स्टिरॉइड बनवणारी ॲड्रिनल ग्रंथीही कमी पडते. तालुक्यातच हायड्रोकॉर्टिझोन सुरू करून पुण्याला पाठवलं. आठ दिवस ॲडमिट. घरात ‘ऑपरेशन फेल गेलं’ असं ठरलंच होतं. नवऱ्यानं दिनदर्शिका भिंतीवरून काढून ठेवली.

आता काय वेगळं करतो

ऑपरेशनच्या आधीच घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एक वाक्य वदवून घेतो : ग्रंथी निघाली तरी गोळ्या चालू, कमी करायच्या त्या आम्ही सांगू तेव्हा. रुग्णाला सांगून भागत नाही. हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बाईपर्यंत ते पोचायला हवं, म्हणजे निदान सासूला पाठ हवं. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी ग्रंथीबाहेरही पसरलेल्या असतात, त्या एका दिवसात जात नाहीत, हे कारणही सांगतो.

टाळायच्या औषधांची यादी मराठीत छापून लॅमिनेट करून देतो. बाईंच्या घरी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे आणि दुसरी प्रत चौकातल्या मेडिकलवाल्याकडे. हे मी जानेवारीतच करायला हवं होतं.

थकव्याची तक्रार घेऊन आलेल्याला संध्याकाळीही एकदा बोलावतो. वर बघा, पापणी न मिटता मिनिटभर बघा. हिमोग्लोबिन कमी असलं तरीही.

ऑगस्टबद्दल मी अजून ठाम नाही. तेव्हा जोर लावला असता तर घर माझ्या हातून सुटलं असतं, असंही वाटतं. मेमध्ये आधीच दुखावलेले होते. पण पुढच्या रुग्णाच्या वेळी ‘स्थिर झाल्यावर’ म्हणजे नेमकं कधी, हे आकड्यात ठरवून घेईन : तीन आठवडे तीसच्या वर आणि ठसका नाही, की तारीख घ्यायची, सुट्टी असो वा नसो.

सध्या

ऑपरेशनला दोन वर्षं झाली. पहिले आठ-नऊ महिने डोळ्यांत भरेल असं काही घडलं नाही. मग स्टिरॉइड उतरायला लागलं : तीस, वीस, साडेबारा, आणि आता रोज पाच. ॲझाथायोप्रिन चालू आहे आणि सुधारणेतला त्याचा वाटा किती, ऑपरेशनचा किती, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. पायरिडोस्टिग्मिनच्या पाचच्या दोन गोळ्या झाल्या. चेहरा पूर्वीसारखा झाला. श्रुतलेखन दहा वाक्यांचं होतं, परीक्षेच्या दिवसांत मात्र शेवटच्या तासाला पापणी उतरते. दिनदर्शिका परत भिंतीवर आली आहे. नवरा आता आठवड्यातून एकदाच आकडा लिहितो. गेल्या रविवारी ४३.

दुसऱ्या मुलाचा विषय मागच्या भेटीत निघाला. न्यूरॉलॉजिस्टनी हरकत घेतली नाही, पण बाळंतपण तालुक्यात नको म्हणाले : काही बाळांना आईच्या प्रतिपिंडांमुळे पहिले काही आठवडे दूध ओढायला ताकद नसते, तेव्हा नवजात अतिदक्षता विभाग जवळ हवा. मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत मराठीतच लिहून ठेवलं आहे : रक्तदाब वाढला, झटके आले, तरी न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय मॅग्नेशियम सल्फेट देऊ नये. तीच चिठ्ठी गावातल्या आशाताईंकडे आणि इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दिली. बाईंनी वाचून पाहिली आणि ‘झटके’मधला ‘ट’ मी ‘ठ’सारखा काढलाय म्हणून पेन मागून घेऊन दुरुस्त केला.